कुटार ओलंच होतं

शोभा, इकडे ये, जवळ बस. काकूशी फोनवरून बोलायचं हे कुठे शिकलीस? तेरवीला आलीस ती पाहुण्यासारखी, संध्याकाळच्या गाडीनं परतही गेलीस, आणि आता महिन्यानं फोन करून सांगतेस, "काकू, पुरवणीवाले छापतो म्हणतात, बाबांवर चार चांगले शब्द लिहा." लिहिते ना. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिता येतं मला. मात्र चार चांगल्यांमागून पाचवा येईल, तो तुला आवडणार नाही... तो मला कधीचा लिहायचाच होता.

तुझे बाबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे भासरे. गाव त्यांना नानाजी म्हणायचं. वाचणाऱ्यांना सांगते, आमच्या घरी सून भासऱ्यांसमोर पदर ढळू द्यायची नाही, त्यांच्याशी समोरासमोर बोलायची नाही, त्यांच्या हातातली वस्तू आपल्या हातात घ्यायची नाही. एका अंगणात पंचवीस-तीस वर्षं राहिलो आणि एकमेकांचं नाव घेऊन कधी हाक मारली नाही. मग बोलायचो कसं? घोडीमार्फत.

आष्टीकडच्या आमच्या चार-पाच गावांत नवरदेवाची घोडी एकच, आमची चांदणी. तिची आई तिला व्याल्याबरोबर गेली. मी बाटलीनं दूध पाजून तिला वाढवलं. भासऱ्यांना काही सांगायचं तर मी चांदणीच्या मानेवर हात ठेवून म्हणायची, "चांदणी, आज दळण आणाचं हाये." ओसरीवरून ते म्हणायचे, "चांदणी, सांग तिले, आणतो." बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण घरातली सगळी बोलणी अशीच व्हायची आणि घोडी बिचारी मधे कान हलवत उभी असायची.

ही मोबाइल यायच्या आधीची गोष्ट, ऐन लग्नसराईतली. चांदणीला खोकला धरला. जनावरांच्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, गुळात घालून चारायला गोळ्या दिल्या. ताप उतरल्यावर म्हणाले, बांधून ठेवू नका, सकाळ-संध्याकाळ हातात दोर धरून अर्धा अर्धा तास चालवा. खोकली की थांबवा. पळवायची नाही, पाठीवर कोणी बसायचं नाही, धूळ-धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, आणि कुटार ओलं करून टाका. कुटार म्हणजे हरभऱ्याचा, तुरीचा भुसा, त्याची धूळ घोड्याच्या छातीला वाईट. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. त्या दिवसापासून टिनाच्या घमेल्यात कुटार भिजवायचं, निथळायचं आणि मग पुढे टाकायचं. एक वेळ चुकवली नाही. घरात पाहुणे होते तेव्हाही नाही.

चालवायचं काम नानाजींचं. पहिले दोन दिवस चालवली. तिसऱ्या दिवशी पाणंदीनं दुडक्या चालीनं पळवत आणली, अंगणात येईपर्यंत घोडी खोकून खोकून वाकली. मी म्हटलं, "चांदणी, डॉक्टर पळवू नोका म्हणे ना तुले?"

"चांदणी," ते म्हणाले, "सांग तुया डॉक्टरीणबाईले, पळवल्यानं कफ मोकळा होते. आमच्या बापजाद्यानं घोडेच पाळले. हिच्या बापाच्या घरी तं गाढवही नोतं."

माझ्या माहेरी चार बैल होते. पण ते घोडीला काय सांगायचं...

आठव्या दिवशी सकाळी पाहते तर ते चांदणीच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधत होते, पाठीवर जरीची झूल. शेजारच्या गावात वरात होती, त्यांनी शब्द दिला होता. मी घमेलं तसंच टाकून आले. "चांदणी, तुले तं दवा चालू हाये. कुठं चालली?"

"चांदणी, सांग तिले, डॉक्टरनंच चालवाले सांगितलं. वरात का पळते? मुंगीच्या पायानं जाते. तेवढंच चालणं होऊन जाईन तुयं."

आणि खरं सांगते, त्यांना ते पटलेलं होतं. ते काही कसाई नव्हते. घोडीनं पाणी प्यायल्याशिवाय आपण चहा घ्यायचे नाहीत. हा घे तुझा चांगला शब्द. पण वरातीत फटाके असतात, त्यांचा धूर असतो, नाचणाऱ्यांच्या पायांची धूळ असते, वर अंगानं भरलेला नवरदेव असतो, आणि बँडवाला थांबला की घोडीला नाचवतात. हे सगळं मी चांदणीला सांगितलं. ते दोर धरून उभे होते. माझ्या हातापासून तो दोर वीतभर लांब होता. हात पुढे करायचा आणि ओढून घ्यायचा, एवढंच होतं. भासऱ्यांच्या हातातला दोर... मी नाही घेतला. ते माझं. ते मी कोणावर ढकलत नाही.

दिवेलागणीला चांदणी परत आली ती ओळखू येईना. नाकपुड्या फाकलेल्या, बरगड्या भात्यासारख्या चालू. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, छातीला कान लावला आणि विचारलं, "असं कसं झालं? चालवत होते ना?"

नानाजी म्हणाले, "चालवून तं बरोबर राह्यलो, डॉक्टरसायेब. पण घरात बाया कोरडं कुटार टाकते. त्याइले किती सांगाव?"

डॉक्टर दाराकडे बघून मला खूप बोलले. मी दाराआड होते. माझ्या हातावर तेव्हाही भिजलेलं कुटार चिकटलेलं होतं. बाहेर येऊन हात दाखवायचा होता, तोही दाखवला नाही.

चांदणीला कायमचा दम लागला. पुन्हा नवरदेव तिच्या पाठीवर बसला नाही. चारेक वर्षं जगली, आणि तेवढी वर्षं नानाजींनी तिला रोज सकाळी हळूहळू चालवलं, एक पाऊल पळवलं नाही. पण 'धाकटीनं कोरडं कुटार टाकून घोडी घालवली' हे घरात राहिलं ते राहिलंच. लग्नात बाया म्हणायच्या, "हिच्या हातचं खाऊ नोका वं, ठसका लागते." सगळ्या हसायच्या. शोभा, तूही हसायचीस.

चांदणी गेली आणि आमचं बोलणंच संपलं. बोलायचं कोणाला धरून? तशी दहा-बारा वर्षं गेली.

शेवटी नानाजींनाच दमा झाला. वर्ध्याच्या दवाखान्यात होते. डॉक्टरनं सांगितलं, झोपवून ठेवू नका, वऱ्हांड्यात हळूहळू चालवा. तुम्ही सगळे चहाला गेला होतात. ते भिंत धरून चालले, मी पदर घेऊन दोन हात मागे. चार पावलांवर ते थांबले, खोकले. इकडे तिकडे पाहिलं. पुढे एक रिकामी चाकाची खुर्ची होती. तिच्याकडे बघत म्हणाले, "लय धूर होता त्या वरातीत."

एवढंच. मी थांबले. पुढचं येईल म्हणून थांबले... 'कुटार ओलंच होतं', तीनच शब्द होते. नाही आले. मग मीही त्या खुर्चीला म्हटलं, "मले काऊन सांगून राह्यले? मले तं माहीत हाये. ज्याइले खोटं सांगितलं त्याइले सांगा."

त्यांनी हो म्हणून मान हलवली. चौथ्या दिवशी सकाळी गेल्याचा निरोप आला. मी तुला, तुझ्या आईला, भावाला एकेकाला विचारलं, बाबा शेवटी काही बोलले का? बोलले म्हणालात. शेताचं बोलले, जावयाचं बोलले. चांदणीचं काही नाही.

म्हणून मी लिहिलं. मेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. सोडायचा तेव्हा सोडीन.

अंगणात चांदणीचा खुंटा अजून आहे. दोर घासून घासून त्याला कंबरेसारखी खाच पडली आहे. घमेलंही आहे, बुड गेलेलं. सकाळी सडा टाकताना त्या खुंट्यापाशी मी अजून थांबते आणि सांगायचं ते त्याला सांगते. आता लाकडाला सांगून कंटाळा आला बाई. तू ये. तुझ्याशी मला समोरासमोर बोलता येतं, मधे कोणी लागत नाही. फोन करू नोको, येजो. लवकर येजो.