वरच्या ओळीवरचा अंगठा

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "मावशी, आई गेली..." एवढं बोलून ती थांबली, आणि मला काही सुचायच्या आत म्हणाली, "शेरू उठून नाही राहिला गं. उसकी दवाई कहाँ रखी है, तुले माहीत आहे का?" कुंदा, तिची आई अन् माझी लहानपणापासूनची मैत्रीण, झोपेतच गेली होती. तिचा कुत्रा आजारी, औषध अर्ध्यावर. त्यानंतर हुडको वसाहतीतल्या त्या घरी माणसं आली, गेली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सांत्वन ऐकून ऐकून मी थकले आहे, खरं तर लिहायचंही त्राण नाही. पण कोणीतरी तिला "मनमिळाऊ" म्हणून छापण्यापेक्षा मी लिहिलेलं बरं. कारण मनमिळाऊ ती मुळीच नव्हती.

कुंदा आणि मी कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. दोघींचे बाप पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला, तिचे भंडाऱ्याकडून आलेले. पोरगी जनावरांची डॉक्टर होणार म्हटल्यावर नातेवाईक हसले होते. तिनं हसू दिलं. पुढे घराच्या समोरच्या खोलीत दवाखाना थाटला आणि जन्मभर बहुतेक एकाच दुखण्याशी भांडली... गोचिडांचा ताप. गोचीड चावते, रक्तात बारीक परजीवी सोडते, तो तांबड्या पेशींत शिरतो आणि कुत्रं वाळत जातं. रक्तातलं प्रोटीन तपासायला तिनं सांगितलं की लोक घरी जाऊन अंडी उकडत. उतई गावचा एक गृहस्थ स्कूटरवर पायांमध्ये कुत्रं बसवून यायचा. "रोज अंडा खवावत हंव, मैडम," असं मोठ्या अभिमानानं सांगायचा. कुंदा त्याला म्हणायची, "भैया, अंडा तुम खाओ, उसको दवा दो." तो हसायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंड्यांचंच सांगायचा.

आमची कुत्री राणी त्याच तापानं पडली तेव्हा मीही काही वेगळी वागले नाही. औषधानं ती खायला लागली, रिपोर्ट आला, त्यात वरच एकूण प्रोटीन अगदी बरोबर. मी पेढे घेऊनच कुंदाकडे गेले. तिनं पेढा तोंडात टाकला, कागद घेतला आणि त्या वरच्या ओळीवर आपला जाड अंगठा ठेवला. "अवं, बेरीज कायले पाहून राहिली? वाटे पाह्य." खालच्या दोन ओळी तिनं मला वाचायला लावल्या. एक प्रोटीन रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवतं, ते घटलं होतं. शरीर आजाराशी झुंजताना दुसरं वाढतं, ते वाढलं होतं. एक खाली, एक वर, म्हणून बेरीज जागच्या जागी. "घरात एक जण उपाशी अन् दुसरा दुप्पट खातो, तरी भांडं रिकामंच होते ना? मंग सगळे जेवले म्हणायचं?" गोळ्या बंद करायला निघालेली मी मुकाट परत फिरले. राणी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. प्रत्येक रिपोर्टला हीच तऱ्हा... आधी अंगठा, मग वाचन. माझ्या रक्ताचा कागद दाखवला तरी अंगठा. मी चिडायचे.

शेरूलाही तोच ताप. त्याची औषधं फ्रिजवरच्या डब्यात सापडली. दुर्गच्या डॉक्टरांनी तीच पुढे चालू ठेवली. पल्लवीनं रजा वाढवून घेतली आणि कुत्र्याच्या मागे लागली. आई तर हातून निसटली, निदान आईनं हाती घेतलेलं जनावर तरी जगावं, एवढंच तिचं म्हणणं. शेरू खायला लागला तशी मला भीती वाटली. आता ही पोरगी सुटकेचा श्वास टाकणार आणि गोळ्या सोडणार.

मागच्या रविवारी गेले तर ती दवाखान्यात, कुंदाच्या टेबलाशी बसली होती. समोर शेरूचा नवा रिपोर्ट. मी चष्मा शोधत बोलणार, तोच पाहिलं... वरच्या ओळीवर तिचा अंगठा होता. नख तसंच आखूड, आईसारखं. "अजून नाही मावशी," ती म्हणाली. "पानीवालं थोडं वर आलं आहे, दूसरा अभी भी ज्यादा. गोळ्या चालू ठेवतो." कुंदा या खोलीतून गेलीच नाही, असं वाटलं.

मग मी तिला विचारलं, "अन् तू कशी आहेस?"

"मी ठीक आहे ना."

येणाऱ्या प्रत्येकाला ती इतके दिवस हेच सांगत होती, आणि आम्ही सगळे ते ऐकून निवांत घरी जात होतो. मी तिचा हात कागदावरून उचलून माझ्या हातात घेतला.

"ते राहू दे. झोप लागते का? काल रात्री जेवली का?"

तिनं मान हलवली. आधी एकदा, मग पुन्हा... नाही, नाही. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली. शेरू टेबलाखालून उठला आणि तिच्या पायावर हनुवटी टेकून बसला. मी उठून भाताचं आधण ठेवलं.