शेवटचे चार आकडे

कुठल्याही डिस्कला हात लावण्याआधी रज्जाकभाई चष्मा कपाळावर सरकवायचे, तिच्या अंगावर छापलेल्या नंबरातले शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "आता तुमी पडद्यावरचे वाचा." दोन्ही जुळल्याशिवाय कीबोर्डवर बोट पडत नसे.

परभणीच्या आमच्या कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. शिक्षण दहावी. मी पाथरीकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, नवीन लागलेला मास्तर. मला त्या वाचनाचा कंटाळा यायचा. एकदा म्हणालोच, "भाई, मशीन स्वतःच प्रत्येक डिस्कला नाव देतंय ना? ही एसडीबी, ही एसडीसी. मग आकडे कशाला?"

"मास्तर, ते नाव डिस्कचं न्हाई, रांगेतल्या जागेचं हाय. मशीन बंद करून चालू केलं की जी आधी सापडंल ती बी. तुमचे वडील मेंढरू कसं वळखतात? रांगेत कितवं हाय त्यावरून, का कानाच्या खुणेवरून?"

पोरं हसली. मला ते लय लागलं. घरची मेंढरं मी कॉलेजात कधी आणली नव्हती.

त्याच आठवड्यातली गोष्ट. एका जुन्या डिस्कवर मानवतकडच्या विहिरींच्या पाण्याच्या नोंदी होत्या. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं दोरी सोडून मोजलेल्या, भाईंनी एका बोटानं टाईप केलेल्या. मूळ वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. डिस्क खरखरायला लागली, म्हणून सगळं नव्या कोऱ्या डिस्कवर उतरवायचं ठरलं. आकडे जुळवले: जुनी बी, नवी सी. तेवढ्यात लाईट गेली.

"जुम्मा हाय. नमाज करून आलोच," भाई म्हणाले. "लाईट आली तरी हात लावू नका. परत वाचू."

लाईट आली, मशीन चालू झालं. मी थांबलो नाही. बीवरचं सगळं सीवर, असा हुकूम देऊन ऐटीत बसलो.

टोपी खिशात घालत भाई आले. त्यांनी आधी डिस्कवरचे आकडे वाचले. मी पडद्यावरचे वाचले. जुळले नाहीत. लाईट आल्यावर नावांची अदलाबदल झाली होती, आणि मी कोरी डिस्क जुनीवर उतरवत होतो. धावपळ करून थांबवलं, पण नोंदी गेल्या त्या गेल्याच.

"कोणी केलं?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझ्या हातून झालं, सर. वय झालं आता," भाई म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. फरशीकडे बघत राहिलो.

बाहेर आल्यावर भाई हळूच म्हणाले, "तुझी नोकरी कच्ची हाय. मला रिटायर व्हायला चार म्हैने राह्यलेत. घरात पैला शिकलेला हायेस, सांभाळ. पक्की झाली की सांगून टाक. मला घाई न्हाई."

नोकरी पक्की झाली. निवृत्त होऊन ते पूर्णेला गेले. मी दोनदा भेटलो. त्यांनी चहा पाजला, घरच्या मेंढरांची चौकशी केली, सांगून टाकलंस का, हे मात्र कधीच विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. कब्रस्तानाबाहेर प्राचार्य म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. शेवटी तेवढी एक चूक झाली." आणि मी मान हलवली.

ती हललेली मान मला अजून जड वाटते. कॉलेजच्या फाईलीत त्या चुकीपुढे आजही रज्जाकभाईंचंच नाव आहे. काल मी अर्ज लिहिला: चूक माझी होती. उद्या देणार आहे. आज लॅबमध्ये एकट्यानंच तो मोठ्यानं वाचला, आणि सवयीनं थांबलो. समोरून जुळवून बघायला कोणी नव्हतं.