गाळाचा श्वास मोजणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका जिवांचा कळवळा असलेला माणूस सबंध बेंगळुरूत सापडणार नाही; फक्त ते जीव डोळ्यांना दिसणारे असता कामा नयेत. भाच्यांची नावं ते हमखास चुकतात, पण सांडपाण्याच्या टाकीतली घाण खाणाऱ्या जंतूंविषयी बोलताना त्यांचा आवाज मऊ होतो. मल्लेश्वरमच्या घरी फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी गाळाची बाटली असते. तिच्यावर मामींनी ठळक अक्षरांत 'चटणी नव्हे' असं लिहून ठेवलंय. लग्नाला गेले की मामा आधी कार्यालयामागची टाकी पाहून येतात आणि मग पंगतीला बसतात, तेही चवीनं. टाकीतला तपकिरी गाळ बाटलीत घ्यायचा, हवा मिसळेपर्यंत हलवायचा, मीटर बुडवायचा आणि घड्याळ धरून प्राणवायूचा आकडा बघत बसायचं. आकडा उतरला, म्हणजे जंतू श्वास घेतायत. आजारी पोर पेज पिताना आई बघते, तसे मामा त्या आकड्याकडे बघतात. मी आधी हसायचो.

मग दसऱ्याच्या आठवड्यात मारतहळ्ळीच्या आमच्या सोसायटीची टाकी घाण मारू लागली. टाकी सांभाळणाऱ्या मंजण्णानं हवेचा पंप बंद ठेवला, असं कमिटीनं परस्पर ठरवून टाकलं आणि त्याला काढायचं म्हणून मीटिंग बोलावली. मी मामांना घेऊन आलो. त्यांनी आधी टाकीत मीटर सोडला, मग बाटली भरली. अर्धा तास आकडा जागचा हलला नाही. मामांनी चष्मा काढून पुसला.

"टाकीत प्राणवायू भरपूर आहे," ते मीटिंगमध्ये म्हणाले, "म्हणजे मंजण्णानं हवा दिली. ती घेणारेच मेलेत. सणाच्या साफसफाईला ब्लीच कोणी ओतलं, स्वल्प आठवा."

कोणालाच आठवेना. मंजण्णा दाराशी मान खाली घालून उभा होता. मला मात्र चार बाटल्या लख्ख आठवत होत्या. आमचे संडास मीच घासले होते. शरमेनं मेल्यासारखं होऊन मी हात वर केला. मग एकेक करत सगळ्या खोलीनं केला.

मंजण्णाची नोकरी राहिली. शेजारच्या सोसायटीतला जिवंत गाळ आणून ओतला, आणि काही दिवसांनी बाटलीतला आकडा उतरू लागला तेव्हा मामा कानडीत "सरी", ठीक आहे, एवढंच म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आता गुडघ्यांमुळे मामांना टाकीचा जिना उतरवत नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि भाचीची चौकशीही न करता ते मला खाली पिटाळतात. मी एकेक आकडा मोठ्यानं वाचतो, ते पलीकडे गप्प ऐकतात. मी घाई करू लागलो की मंजण्णा माझ्या हातावर हात ठेवतो.

"स्वल्प सावकाश, सर," तो म्हणतो. "संपलं की ते फोन ठेवतात."