सीवूड्स ते माळशेज: लिहायचा राहून गेलेला ब्रेकचा पाइप

सहा वर्षांपूर्वी मी या ब्लॉगवर जीप घरच्या घरी दोन इंच कशी उचलावी हे लिहिलं होतं. त्यात एक पायरी राहून गेली. तो लेख वाचून एका गृहस्थांनी आपली जीप उचलली आणि गेल्या आठवड्यात कौतुकाने खाली फोटो टाकला. तो फोटो पाहून मला माळशेजच्या वर जावं लागलं, म्हणून हे लिहिते आहे.

फोटोत जीप बांधावर तिरकी उभी होती. मागचं एक चाक हवेत. "मॅडम, तुमच्यामुळं गाडी लई भारी झाली." मी फोटो मोठा केला. चेसिसवरून मागच्या ॲक्सलला जाणारा ब्रेकचा रबरी पाइप वाळत घालायच्या दोरीसारखा ताणलेला होता.

स्प्रिंगच्या पाट्यांना लांब शॅकल (पाटे चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) लावले की चेसिस वर जाते, ॲक्सल खालीच राहतो. पाइप मूळचाच ठेवला तर चाक लोंबकळताना ताण त्याच्यावर येतो आणि एक दिवस तो फाटतो. माझ्या जीपला मी ती उचलायच्या वर्षभर आधी, ब्रेकचं काम करतानाच, लांब पाइप बसवले होते. लेख लिहिताना ते डोक्यातच आलं नाही.

फोन लावला. गृहस्थांचं नाव अंकुश.

"गाडी हलवू नका."

"आवं मॅडम, ब्रेक कडक हाय. रविवारी बहिणीचा साखरपुडाय मुरबाडला. नऊ माणसं घेऊन घाट उतरायचाय."

"मग मी शनिवारी येते."

लांब पाइप त्यांना जवळपास मिळणार नव्हते, आणि फोनवर पुन्हा काही अर्धवट सांगायची माझी तयारी नव्हती.

शनिवारी सकाळी सातला सीवूड्सहून निघाले. वय बासष्ट, गुडघे त्याहून जुने. आधी कळंबोली. तिथला माझा नेहमीचा स्पेअर पार्टवाला मूळचा करावे गावचा.

"बाय, कंपनीचा पाइप हाय ना, त्योच ने. लांब कशाला पायजे? तुजी गारी तर कवाच उचललीस."

"दुसऱ्याची आहे. माझं वाचून उचलली."

त्याने एका गाडीचे तीन पाइप, पुढचे दोन आणि मागचा एक, काउंटरवर ठेवले. मग आणखी तीन ठेवले. "हे बी ने. तुजा लिवलेला आनखी कोनी वाचला आसंल."

तो हसला. मला हसू आलं नाही. सहाही घेतले.

तळोज्यावरून शिळफाटा, कल्याण, मुरबाड. शिळफाट्याला पाऊण तास जातो, तो धरूनच निघा. मुरबाडच्या पुढे टोकावड्याला मिसळ बरी मिळते, पण तिथलं पाणी पिऊ नका. टाकी मुरबाडलाच भरा. जाऊन-येऊन मला सव्वीस लिटर डिझेल लागलं. घाटातला रस्ता सध्या ठीक आहे. एरवी मी वरच्या कठड्याशी थांबून दरी बघते. या वेळी फक्त वळणं मोजली, आणि प्रत्येक वळणावर नऊ माणसं आठवली.

घाटमाथ्यानंतर धरणाच्या पाण्याकडे कच्चा रस्ता उतरतो. तिथे अंकुशचं घर. अंगणात मांडवाचं कापड पसरलेलं, बाजूला जीप. धुऊन, फुगे लावून तयार.

"मॅडम, आधी च्या घ्या."

"आधी जॅक."

चेसिस उचलून मी आणलेल्या लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं लोंबकळू दिली. अंकुशला खाली झोपायला लावलं आणि मी ब्रेक दाबला.

"काय दिसतं?"

तो आणखी आत सरकला. मग, "मॅडम, पाइपाला घाम आलाय."

घाम नव्हे, ब्रेक ऑइल. धातूच्या टोकाशी रबर चिरलं होतं. तो गाडीखालून बाहेर आला आणि मांडवाच्या कापडावरच बसून राहिला. फुगे काढा म्हणून मला सांगावं लागलं नाही, त्याने स्वतःच काढले.

तिन्ही पाइप बदलायला अडीच तास लागले. जुने नट गंजून बसले होते. नंतर ब्रेकमधली हवा काढायची, त्याला पेडलवर माणूस हवा. नवरीचे, म्हणजे अंकुशच्या बहिणीचे, दोन्ही हात ओल्या मेंदीने अडकलेले, पाय मोकळे. तिलाच बसवलं.

"दाब. धरून ठेव. सोड."

"सासरी बी असंच वरडत्यात का वो?"

"पाय हलवू नकोस."

अंकुशची आई इतका वेळ उंबऱ्यावर बसून बघत होती. वयाने माझ्याएवढीच. ती म्हणाली, "येवढी शिकल्याली बाई, आन् निम्मंच लिवलं?"

"हो," मी म्हणाले.

"मग आता पुरं लिवून द्या."

अंकुशने आतून प्लास्टिकच्या पिशवीतले कागद आणले. माझा लेख. तालुक्याला जाऊन छापून घेतलेला, प्रत्येक पानावर ग्रीसचे अंगठे. पायरी न पायरी त्याने टिक केली होती. माझ्यावर इतका विश्वास मी शिक्षिका असताना माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी टाकला नाही.

रात्री त्यांच्याकडेच राहिले. रविवारी सकाळी ते पुढे, मी मागे. माळशेजच्या प्रत्येक वळणावर त्यांचे लाल दिवे लागत होते आणि जीप हळू होत होती. मुरबाडला ते जेवायला थांबा म्हणाले. मी थांबले नाही, कंबर धरली होती.

घरी येऊन जुना लेख दुरुस्त केला. पण छापून घेतलेल्या प्रती मला दुरुस्त करता येत नाहीत. तो वाचून कोणी गाडी उचलली असेल तर आजच चाकं लोंबकळवून बघा. पुढचे पाइप स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासा. पाइप सैल दिसला पाहिजे. नसेल तर गाडी चालवू नका, मला लिहा. तीन पाइप माझ्याकडे आहेत.

अंकुश यांच्याकडे दिलं: लांब ब्रेक पाइप तीन, बसवून. ब्रेक ऑइलची अर्धी बाटली. माझ्या दोन घोड्या, कारण ते विटांवर गाडी टेकवत होते. त्यांच्या छापील लेखाची पाच पानं, पाचव्या आणि सहाव्या पायरीच्या मध्ये माझ्या हाताने लिहिलेल्या चार ओळी, खाली सही.

त्यांच्याकडून घेतलं: चिरलेला पाइप एक.