अंगठ्यावरची धार

वस्तऱ्याला धार लावायला मी बाबांकडून शिकत होते. वस्तरा आजोबांचा, मूठ पिवळी पडलेली, पातं मात्र अजून लखलखीत. खिडकीपाशी दगडावर पाणी शिंपडून बाबा सांगत होते, "दाबू नकोस. पातं आडवं ठेव आणि नुसतं सरकव."

थोड्या वेळाने त्यांनी वस्तरा माझ्याकडून घेतला, अंगठ्यावरून हलकेच फिरवला आणि म्हणाले, "छे, अजून बोथटच आहे."

दगडावरच्या पाण्यात लाल रेघ उतरली.

"बाबा, अंगठा!"

त्यांनी खाली पाहिलं. चेहऱ्यावर वेदना नव्हती, नुसतं नवल होतं. "हे कधी कापलं?"

मी वस्तरा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि चिंधी बांधली. दुखणं आलं की आपण घाबरतो. पण दुखायचं थांबणं किती गुपचूप येतं! माणूस बोलत असतो, हसत असतो, आणि त्याचं शरीर एकेका कोपऱ्यातून त्याला न सांगता निघून जात असतं.

"डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हटलं.

"आधी दाढी," म्हणत त्यांनी गालांना साबण फासला आणि वस्तऱ्यासाठी हात पुढे केला. मी तो दिला नाही.

"आज मी करते."

आरशातून ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान मागे टाकून त्यांनी डोळे मिटले. गळ्यावरची शीर संथ उडत होती. श्वास रोखून मी पातं त्यांच्या गालावर टेकवलं आणि थांबले.

"कर ना सुरू," बाबा म्हणाले. "अजून टेकवलंसुद्धा नाहीस."