बिघडवलेला फर्मा

लग्नाला पंधरा दिवसही झाले नव्हते. नवी सून पाण्याची बादली घेऊन दाराशी आली आणि आतला आवाज ऐकून तिथेच थबकली.

"आई, मी तुला सांगितलं होतं. पुस्तकांच्या दुकानातली ती मुलगी, दुसरी नको."

"दिवसभर परक्या माणसांशी हसणारी मुलगी मला घरात नको होती."

"मग आणलीस ना तुला हवी ती? आता तूच सांभाळ. माझ्या गळ्यात मारलीस ती मारलीस, वर कौतुक करायला सांगू नकोस."

सुनेने बादली हळूच खाली ठेवली. मग पुन्हा उचलली, मुद्दाम कडी वाजवली आणि आत गेली. ऐकलेलं पोटात गेलं ते गेलंच. सासूबाई वारल्या तरी तिने ब्र काढला नाही.

नवरा म्हणून तो वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, दारू नाही, उधळपट्टी नाही. दुकानदारांचे तराजू दुरुस्त करायचा. दोन्ही पारडी समान करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरी मात्र एका पारड्यात सदा कोण बसलेलं असायचं, ते त्याला ठाऊक आणि हिला ठाऊक.

ती पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात जायची. छापलेला मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. तीस वर्षं तिने फर्मेच दुमडले. घडी अशी की केसाचा फरक सापडायचा नाही. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हात चालू असताना नजर ओळींवरून फिरायची. अख्खं पुस्तक काही वाट्याला यायचं नाही, वाटून दिलेली सोळा पानं तेवढी. म्हणून बाया तिला सोळापानी म्हणत.

नवऱ्याचे डोळे गेले त्या वर्षी कारखान्यात एक हलकीफुलकी प्रेमकथा आली. सगळी गोष्ट पुस्तकांच्या दुकानातच घडते. एक बावळट माणूस रोज काहीतरी निमित्त काढून येतो. चूल पेटवता येत नाही आणि स्वयंपाकाचं पुस्तक नेतो. लग्न झालेलं नाही आणि बाळाच्या संगोपनाचं नेतो. दुकानातली मुलगी शिडीवर चढून पुस्तक काढते आणि विचारते, "बाळ बरं आहे ना?"

सोळापानी घडी घालता घालता फिसकन हसली.

"काय गं, कोण गुदगुल्या करतंय?" शेजारच्या शिलाईवालीने विचारलं.

"करू दे की. या वयात कोण करतं!"

शाई फिसकटलेले, वाकडे छापलेले फर्मे रद्दीत जायचे. त्यातले बाया घरी नेत. तिने नेले आणि संध्याकाळी खिडकीशी बसून, ओळीवर बोट ठेवून, नवऱ्याला वाचून दाखवले. तो हसला. असा हसला की चाळीस वर्षांत न दिसलेले दात तिला दिसले, होते तेवढे. ज्या जागी ती हसायची त्याच जागी तोही हसायचा. तिला वाटलं, उशीर झाला, पण माणूस वळला आपल्याकडे.

रोज ती घरात पाऊल टाकते तोच त्याचा प्रश्न, "आज काही बिघडलं का गं?"

एके दिवशी वाचताना त्याने मध्येच थांबवलं. "शिडीवर चढते तेव्हा तिची वेणी कशी आहे?"

"वेणीचं काही लिहिलेलं नाही."

"असेल. जाड असेल. नीट बघ."

तिने आपली शेपटीएवढी वेणी मागे टाकली आणि कोऱ्या समासावर बोट ठेवून म्हणाली, "हो, आहे. जाड आहे."

कळायचं ते तिला तेव्हाच कळलं. तरी वाटायचं, वाचतो तर आपण ना? आवाज तर आपला ना?

शेवटचा फर्मा काही बिघडेना. छपाई अगदी लख्ख. तो तर लहान मुलासारखा वाट बघत होता. मग तिने तीस वर्षांत केलं नाही ते केलं. शेवटच्या फर्म्याची घडी जाणूनबुजून तिरकी घातली.

मुकादमाने कागद उलटसुलट केला. "सोळापानी, तू? तुझेही डोळे गेले की काय?"

"गेले असतील," ती म्हणाली. सगळ्या बायांनी मान वर करून बघितलं. तिने कागद पिशवीत घातला.

त्या संध्याकाळी गोष्ट संपली. बावळट माणूस कबूल करतो की नेलेल्यांपैकी एकही पुस्तक वाचलं नाही. मुलगी म्हणते, "माहीत आहे. एकच पुस्तक तू तीनदा नेलंस." आणि दोघं लग्न करतात. खिडकीशी बसलेली ही दोघंही हसली.

मग तो उसासा टाकून, फार मऊ आवाजात म्हणाला, "असंच व्हायला हवं होतं."

तिने कागद एकावर एक रचून बाजूला ठेवले. "मी दाराआड होते हो."

"कुठल्या दाराआड?"

"तुम्ही आईंशी भांडलात तेव्हा. दुकानातल्या मुलीवरून. नवीनच होते मी."

ती वाट बघत राहिली. "नाही गं, तसं काही नव्हतं," एवढं खोटं बोलला असता तरी तिचं भागलं असतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

त्याने मान हलवली. जरा वेळाने हात पुढे करून चाचपडत कागद शोधला.

"पहिल्यापासून पुन्हा वाचशील का गं?"

"उद्या," ती म्हणाली.

औषधाचं दुकान बंद व्हायला अर्धा तास होता आणि डोळ्यांचे थेंब संपले होते. तिने चपला घातल्या आणि पिशवी घेतली. दुकानदाराने न विचारता बाटली काढून ठेवली. तिने नेहमीप्रमाणे तारीख वाचली, झाकण घट्ट आहे का पाहिलं आणि परत आली.

"मान मागे करा," ती म्हणाली. एकेका डोळ्यात दोन दोन थेंब घातले आणि गालावर ओघळलेला थेंब बोटाने पुसून टाकला.