दुष्काळात आंबा खाणारं कुत्रं

हो, दुष्काळात मी कुत्र्याला आंबा चारला. लोक अजून विचारतात, खरं का हो? खरं. पुन्हा तसा दुष्काळ पडला तर पुन्हा चारीन. ज्याला राग यायचाय त्यानं सावलीत बसून खुशाल येऊ द्यावा.

म्हणायला बहात्तरचा दुष्काळ, पण कळंबकडच्या आमच्या गावाला त्यानं खरं आडवं केलं ते पुढच्या उन्हाळ्यात. विहिरीत बादली सोडली की खालून धूळ उडायची. आभाळात चुकून एखादा ढग आला तर लहान पोरं भिऊन आयांच्या मागं लपायची, असली वस्तू त्यांनी पाहिलीच नव्हती. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी तव्यावरून उठून आपल्यालाच मारायला येईल असली. माणसं मुकाट गिळत होती. माझ्या कुत्र्यानं मात्र ती हुंगली, माझ्याकडं एकदा बघितलं, पायानं खड्डा उकरला आणि भाकरीला रीतसर माती दिली.

मग त्यानं खायचं काय? आमच्या बांधावर एक गावरान आंबा होता. त्याची मुळं पाणी हुडकत थेट मांजरा नदीपर्यंत गेली होती. मी स्वतः चालत जाऊन बघून आलोय. गाव करपलं तरी ते झाड हट्टानं लगडलं. आंबे लिंबाएवढे, पण गोड असे की बसलेली माशी उडायचं विसरायची. मी अर्धे आंबे आळीत वाटायचो, उरलेल्यातला एखादा तळहातावर पिळायचो आणि कुत्रं चाटून घ्यायचं. दिवसाला एक, फार तर दोन. एवढ्यावर गावाचा जीव खालीवर.

आमच्या गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन सोसायटीच्या ओट्यावर लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. एके दिवशी त्यांनी मला अडवलंच.

"काय रं, मान्साला मिळंना आन् तुझं कुत्रं आंबं खातंय व्हय?"

"मान्सानं मागितला तर मान्साला बी देतो की, चेअरमनसाहेब. तुमी कवा मागितला?"

"आमी कुत्र्याचं उष्टं खात न्हाय."

"मग त्याच्या वाटनीवर डोळा कशाला?"

ओटा हसला. चेअरमन हसले नाहीत. मला तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवसापासून मी आंबे घेऊन मुद्दाम त्यांच्यासमोरच बसायला लागलो.

चूक झाली ती इथं, आणि ती माझीच. आमच्याकडं आंबा कापायची रीत नव्हती. मऊ करायचा, चोखायचा, कोय भिरकावून द्यायची. सुरीनं आंबा कापणाऱ्याला घरात कुणी आजारी आहे का असं विचारायचे. त्या दुपारी ओट्यावर दहा-बारा माणसं होती. मला ऊत आला. आंबा चोखला आणि कोय उंच उडवली, इतकी उंच की ती खाली येईस्तोवर एकाची बिडी ओढून संपली. कुत्र्यानं वरच्या वर झेलली. मी ओट्याकडं बघून मिशीवर हात फिरवला.

मागं वळलो तर कुत्रं पंजानं स्वतःचं तोंड ओरबाडत होतं. मान झटकत होतं, गरागरा फिरत होतं. तोंडातून लाळेच्या तारा. भुंकायला गेलं तर घोगरा, फाटका आवाज.

कोणीतरी ओरडलं, "पिसाळलं!"

ओट्यावर चढणारी माणसं मी रोज बघत होतो. छपरावर चढलेली त्या दिवशी बघितली. सगळ्यात वर चेअरमन. दोघा-तिघांनी मात्र कुदळीचे दांडे काढले आणि ते कुत्र्याकडं निघाले. मी मधे उभा राहिलो. अंगात काही शौर्य वगैरे नव्हतं. एक घाव पडला असता तर माझ्या मिजाशीपायी ते जनावर मेलं असतं, आणि हे गावात फक्त मला कळत होतं.

"एका आंब्यात कुत्रं पिसाळतं व्हय? आत्ता कोय झेलली त्यानं, समद्यांनी बघितली! तीच अडकलीय!"

छपरावरून हुकूम आला, "पानी दाव त्याला! पिसाळल्यालं कुत्रं पान्याला भितं. पेलं तर सोडू, न्हायतर मारू."

न्याय झाला, पण पाणी कोण देणार? टँकर येऊन दोन दिवस झाले होते. दांडेवाले एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हणाला, "माझ्या घरी वाटीभर हाय, ते म्हातारीला लागतं." दुसरा म्हणाला, "त्यापरीस मारनं सोपं हाय."

तेवढ्यात माझी बायको आली. पाण्याचा गलका ऐकून ती घरातली कळशी आणि परातच काखेत मारून निघाली होती. तिनं परात ठेवली, घरातलं होतं नव्हतं ते पाणी तिच्यात ओतलं आणि छपराकडं बघून म्हणाली, "ह्यांचं डोस्कं फिरल्यालं हाय ते मला लगीन झाल्यापासनं म्हाईत हाय. कुत्र्याचं न्हाय फिरल्यालं."

कुत्रं परातीशी आलं. तोंड बुडवलं, पण जीभ हलेना. ठसका लागला, ते केकाटलं आणि चार पावलं मागं सरलं.

"भ्यालं! भ्यालं!" छप्पर नाचायला लागलं.

"आवो, यंदा परातभर पानी बघून म्या बी भ्यालो असतो!" मी ओरडलो. पण ऐकतो कोण? दांडे पुढं सरकले.

मग मी वाद सोडला. कुत्र्याला दोन्ही गुडघ्यांत आवळलं, पंचा हाताला गुंडाळला. बायकोनं खुरप्याची लाकडी मूठ त्याच्या जबड्यात आडवी घातली. आत बघितलं तर टाळूला कोय आडवी बसलेली, दोन्हीकडच्या दाढांत पाचर मारल्यासारखी. त्यानं गुरगुरावं, मी त्याला शिव्या द्याव्यात, बायकोनं मला द्याव्यात, असं चाललं होतं. अखेर बोट कोयीच्या मागं गेलं. मी हिसडा दिला आणि कोय मातीत पडली.

कुत्र्यानं जबडा दोनदा उघडमीट करून बघितला. मग परातीशी गेलं आणि तळ चाटून लख्ख होईस्तोवर प्यालं. दांडेवाले दांडे खांद्यावर टाकून निघून गेले. छपरावरचे एकेक करून उतरले. चेअरमनना उतरायला शिडी लागली. चढताना लागली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात गुरांच्या छावणीवर डॉक्टर आले, त्यांनी माझी हजेरी घेतली. "अरे, तोंडात काही अडकलेलं कुत्रं आणि पिसाळलेलं कुत्रं बाहेरून सारखंच दिसतं. हात कशाला घातलास? बांधून मला निरोप धाडायचा." हे मात्र मी मान्य करतो. माझं बघून कुणी लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. मला वाटलं, आता हे फळंही बंद करतील. पण ते म्हणाले, "चार की. कापून, नुसता गर दे, तोही थोडाच. कोय, बी, साल त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस." सीताफळाच्या बिया विषारी हे तर आम्हाला सांगायलाच नको, उवा मारायला त्याच वाटतो आम्ही. द्राक्षं आमच्याकडं बऱ्याच वर्षांनी आली, आणि ती कुत्र्याला बाधतात हे त्याहून कितीतरी उशिरा कळलं.

चेअरमन हटले नव्हते. "डाक्टर काय बी म्हनू दे. ते कुत्रं वट्ट्यापुढं दिसाया नगं."

"वट्टा सोसायटीचा हाय," मी म्हटलं, "आन् म्या सभासद हाय."

त्याच दुपारी सुरी आणि आंबा घेऊन ओट्याच्या पहिल्या पायरीवर बसलो. गर सोडवला, कोय माझ्या खिशात टाकली, कुत्र्याला एकेक फोड दिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चेअरमननी खुर्ची उचलून आत नेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही दोघं बाहेर बसलो. सावली तिथंच चांगली पडायची.